कालचं नव्वद वेगळं

जगातल्या कामांचे दोनच प्रकार: ज्यांना अजून हात लागलेला नाही ती, आणि जी नव्वद टक्के झालेली आहेत ती. सुताराकडचं कपाट नव्वद टक्के झालेलं असतं, फक्त दारं राहिलेली असतात. शिंप्याकडचा ब्लाउज नव्वद टक्के झालेला असतो, फक्त बाह्या राहिलेल्या असतात. भाच्याची पीएच.डी. नव्वद टक्के झालेली असते, फक्त लिहायची राहिलेली असते. बेल लॅब्जमधल्या टॉम कारगिल नावाच्या संगणकतज्ज्ञानं तर या नव्वदीचा नियमच करून टाकला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की प्रोग्रॅमचा पहिला नव्वद टक्के भाग लिहायला ठरलेल्या वेळातला नव्वद टक्के वेळ जातो, आणि उरलेला दहा टक्के भाग लिहायला आणखी नव्वद टक्के. बेरीज एकशेऐंशी होते हे त्याला ठाऊक होतं. आमच्या काँट्रॅक्टरलाही ठाऊक आहे, पण तो ती बेरीज फक्त बिलात करतो.

काँट्रॅक्टर आमच्या सोसायटीच्या रंगकामाचा, आणि मी सोसायटीचा सेक्रेटरी. या पदाला लागणारी एकमेव पात्रता माझ्याकडे होती: निवडीच्या सभेला मी हजर नव्हतो. सोसायटी पुण्यातली, चार मजली, दोन विंगांची. भिंतींना शेवटचा रंग कधी दिला यावर सभासदांत दोन मतं होती आणि कोणता दिला यावर तीन. शिवाय गच्ची गळत होती. चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात गळतीखाली एक पातेलं कायमचं मांडलेलं असे, आणि ते पातेलं त्या प्रत्येक सभेला पुरावा म्हणून घेऊन येत.

सभा साडेसहाची होती. म्हणजे सात वाजताची. कोरमअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासानं त्याच जागी भरेल आणि तिला कोरमची गरज राहणार नाही, असं नोटिशीतच छापलेलं असतं. त्यामुळे साडेसहाला कुणी येत नाही, आणि ज्या सभेला माणसांची गरज नाही तिला सगळे येतात.

तर या सभेत खजिनदारांचे चिरंजीव उभे राहिले. मुलगा हिंजवडीला प्रोजेक्ट मॅनेजर आहे, म्हणजे दुसऱ्यांची कामं कधी संपणार हे तो ठरवतो.

"काका, तुमचा सगळा कारभार वहीत आहे," तो मला म्हणाला. "वहीला डिपेंडन्सी कळत नाही."

"वहीला काही कळायची गरज नाही रे, मला कळतं."

"मग गच्चीच्या आधी रंग का लिहिलाय?"

मी वही मिटली. त्यानं लॅपटॉप उघडला. समोरच्या भिंतीवर निळ्या आडव्या पट्ट्या उमटल्या, एकीच्या शेपटातून निघून दुसरीच्या डोक्यात घुसणारे बाण उमटले, आणि मधोमध ओलीचा डाग होता तोही निळा दिसायला लागला. "याला गँट चार्ट म्हणतात," चिरंजीव म्हणाले.

"चूक," बी-विंगचे निवृत्त प्राध्यापक मागून म्हणाले. सोसायटीत कुणीही काहीही म्हणालं की ते हे म्हणतात, पण या वेळी त्यांच्याकडे माहितीही होती. हेन्री गँटच्या आधी, १८९६ साली, कारोल अदाम्येत्स्की नावाच्या पोलिश इंजिनिअरनं याच धर्तीचा तक्ता काढला होता. पण त्यानं आपलं काम पोलिश आणि रशियन भाषांत छापलं, आणि जगात नाव झालं अमेरिकेतल्या गँटचं. कामं वेळेवर कशी करावीत हे आधी सुचलेल्या माणसाचं श्रेयच वेळेवर पोचू नये, याबद्दल सभेनं हळहळ व्यक्त केली. अनुमोदनही मिळालं. सभा पोलंडहून परत येईपर्यंत चहा निवला होता.

मग चिरंजीवांनी क्रिटिकल पाथ समजावून सांगितला. कुठली कामं एक दिवस लांबली तर सगळाच प्रकल्प एक दिवस लांबतो, हे शोधायची ही पद्धत १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट कंपनीत जन्माला आली. दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवावा लागला तर तो कमीत कमी दिवस बंद राहावा यासाठीही तिथे ती वापरून पाहिली.

"त्यांचा कारखाना गळत होता का?" काकूंनी विचारलं.

"काकू, मुद्दा तो नाही."

"माझा तोच आहे," असं म्हणून त्यांनी पातेलं टेबलावर ठेवलं.

सोसायटीचं काम सॉफ्टवेअरवर आखायचा ठराव मंजूर झाला. सॉफ्टवेअरमध्ये माहिती भरायचं काम अर्थातच सेक्रेटरीकडे आलं.

सॉफ्टवेअरच्या मते एका कामाचं दुसऱ्याशी चारच प्रकारचं नातं असू शकतं. पहिलं संपल्यावर दुसरं सुरू, हे सरळ आहे: पुट्टी झाल्यावर प्रायमर. दुसऱ्यात दोन्ही बरोबर सुरू होतात, तिसऱ्यात दोन्ही बरोबर संपतात. चौथं नातं मात्र विचित्र आहे: दुसरं सुरू होत नाही तोवर पहिलं संपूच शकत नाही. याचं व्यवहारात उदाहरण सापडणं कठीण, म्हणून पुस्तकांत सहसा पहारेकऱ्याची पाळी देतात. मला उदाहरण शोधावं लागलं नाही. आमचा रात्रीचा वॉचमन फाटकाशी बसूनच होता, कारण दिवसाचा वॉचमन त्या आठवड्यात कुणालाच दिसला नव्हता. अख्ख्या सोसायटीत डिपेंडन्सी पाळणारा तो एकटा. त्याचा पगार सगळ्यांत कमी आहे.

मी कामं भरली. पाऊस थांबण्याची वाट पाहणे, ९० दिवस. कोटेशनं मागवणे, १५ दिवस. मंजुरीची सभा, १ दिवस. परांची बांधणे ७, गच्चीचं वॉटरप्रूफिंग २०, भेगा आणि प्लास्टर १५, त्यावर पाणी मारणे ७, पुट्टी-प्रायमर १०, रंगाचे दोन हात १५. एकूण १८०. वाट पाहणे हे काम आहे का, असं मी चिरंजीवांना विचारलंही होतं. "ज्याला वेळ लागतो ते सगळं काम," तो म्हणाला. हे वाक्य मी घरी बोलून दाखवलं तेव्हा बायको माझ्याकडे नुसती बघत राहिली.

पाऊस थांबला. पाऊस थांबवण्यात कार्यकारिणीचा काहीही हात नव्हता, पण सॉफ्टवेअरनं आमच्या खात्यात थेट पन्नास टक्के जमा केले. कारण ते कामाचं वजन दिवसांवर करतं, घामावर नाही. १८० पैकी ९० दिवस आम्ही वाट पाहिली होती आणि ती शंभर टक्के पाहिली होती. मग कोटेशनं आली, सभा झाली, १०६ दिवस भरले आणि आकडा लागला ५९ टक्के. भिंतीला अजून ब्रश सोडा, ओलं फडकंही लागलं नव्हतं. चेअरमननी ग्रुपवर जाहीर केलं, की रंगकाम एकोणसाठ टक्के पूर्ण. पंचवीस जणांनी अंगठे दाखवले. अमेरिकेत मुलाकडे गेलेल्या ए-विंगच्या आजोबांनी लिहिलं, "रंग छान दिसत असेल."

पुढच्या सभेत सभासदांना उत्साह आला, आणि सभासदांचा उत्साह ही महागडी गोष्ट असते. परांची बांधतोच आहोत तर ड्रेनेजचे पाइपही बदलून घेऊ, कठड्याचं बघू, फाटकही नवीन बसवू. मी २५, १५ आणि २० असे साठ दिवस वाढवले. एंटर दाबताच ५९ चे ४४ झाले.

"पंधरा टक्के रंग गेला कुठे?" चेअरमननी विचारलं.

"नव्हताच."

"मग आधी कुठून आला होता?"

याचं उत्तर सॉफ्टवेअरच्या मदत-विभागातही नाही.

एका रात्री चिरंजीवांचा फोन आला. "काका, काय भरून ठेवलंत? एरर येतोय."

मी फक्त खरं ते भरलं होतं. काँट्रॅक्टर परांची बांधणार उचल मिळाल्यावर. उचल खजिनदार देणार सभासदांची वर्गणी जमल्यावर. सभासद वर्गणी देणार काम सुरू झालेलं दिसल्यावर. आणि काम सुरू झालेलं दिसणार परांची बांधल्यावर. पहिले तीन बाण सॉफ्टवेअरनं निमूट घेतले. चौथा जोडायला त्यानं साफ नकार दिला.

"असं वर्तुळ करता येत नाही, काका."

"अरे, मी कुठे केलं? ते आहेच."

"पण लॉजिकली हे काम कधी सुरूच होऊ शकत नाही!"

"बरोबर. म्हणून तर झालेलं नाही."

त्यानं एक बाण पुसला. पडद्यावर सगळं सुरळीत झालं, वर्गणी नोव्हेंबरच्या मध्यावर आपोआप जमा व्हायला लागली. प्रत्यक्षात वेगळाच तोडगा निघाला. काँट्रॅक्टरनं फाटकातून दिसेल एवढ्याच भिंतीला परांची बांधली. सभासदांनीही मग तेवढीच वर्गणी दिली. मला हा तोडगा सॉफ्टवेअरपेक्षा हुशार वाटला, पण तो भरायला त्यात रकाना नव्हता.

मध्ये दिवाळी झाली, लेबर छठपूजेला गावी गेलं, परत आलं ते अर्धं आलं. अखेर गच्चीचं काम सुरू झालं आणि माझ्या आयुष्यात टक्केवारी आली. रोज सकाळी सॉफ्टवेअर मला मेल पाठवी: कृपया प्रगती भरा. मी चार मजले चढून गच्चीवर जाई.

"किती झालं?"

"झालंच समजा, साहेब."

"समजा म्हणजे किती, ते आकड्यात सांगा."

"नव्वद टाका."

"काल पण नव्वदच होतं."

"कालचं नव्वद वेगळं. काल कोबा झाला नव्हता."

"मग आज शंभर टाकू?"

"शंभर कसं म्हणणार? पाणी भरून बघायचंय अजून."

पाणी भरलं. आता नव्वद टक्के वॉटरप्रूफ गच्चीची अडचण अशी, की पाणी उरलेल्या दहा टक्क्यांतूनच येतं. काकूंचं पातेलं शंभर टक्के भरलं. प्लास्टरवाला गच्चीसाठी थांबला, पुट्टीवाला प्लास्टरसाठी थांबला, रंगारी पुट्टीसाठी थांबला, आणि प्रत्येकाला फोन केला तर प्रत्येकाचं काम नव्वद टक्के झालेलं. रंगारी म्हणाला, "डबे आणलेत साहेब, झुला आणलाय, पोरांना सांगून ठेवलंय. आता फक्त मारायचाच बाकी आहे." कुणीही खोटं बोलत नव्हतं, सगळे नव्वदवर होते आणि इमारत होती तशीच होती.

चार मजले रोज चढल्यानं मला एवढं कळलं, की टक्केवारीचा कामाशी संबंधच नसतो. विचारणाऱ्याला जिन्यावरून खाली धाडायला किती आकडा पुरेल, याचा तो अंदाज असतो. पन्नास सांगितलं तर माणूस तिथेच बसून राहतो. शंभर सांगितलं तर बघायला येतो. नव्वदला मात्र तो समाधानानं चपला घालतो.

अमेरिकन नौदलाला हे आमच्या काँट्रॅक्टरच्या आधी कळलं होतं. पोलारिस क्षेपणास्त्रासाठी त्यांनी १९५८ च्या सुमारास पर्ट नावाची पद्धत काढली. एकमेकांवर अवलंबून असलेल्या असंख्य कामांचं जाळं, प्रत्येकाला तीन-तीन अंदाज: सगळं नीट झालं तर, नेहमीसारखं झालं तर, आणि सगळं बिघडलं तर. तिचा जगभर बोलबाला झाला. पुढे हार्वी सापोल्स्की नावाच्या अभ्यासकानं १९७२ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं, की त्या तक्त्यांचा मोठा उपयोग बाहेरून येणाऱ्या चौकश्या आणि लुडबूड थोपवायला झाला. तक्ते इतके भारदस्त होते, की बघणारा खात्री पटून परत जायचा. क्षेपणास्त्र मात्र वेळेत तयार झालं. इथे अमेरिकन नौदलाचं आणि आमचं साम्य संपतं.

चिरंजीवांनी उपाय काढला. टक्के विचारायचेच नाहीत. काम सुरू झालं की पन्नास, संपलं की उरलेले पन्नास. ही जगमान्य पद्धत आहे असं त्यानं सांगितलं, आणि ती खरोखरच आहे. दुर्दैवानं हे सांगताना काँट्रॅक्टर तिथे चहा पीत उभा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा एक पोरगा डबा घेऊन निघाला आणि दुपारपर्यंत दोन्ही विंगांच्या प्रत्येक भिंतीवर हातभर रुंदीचा एकेक पट्टा मारून मोकळा झाला. पडद्यावर अख्खी सोसायटी पन्नास टक्के. पुट्टीच्या आधी रंग सुरू झाल्यामुळे सगळे बाण उलटे फिरले ते वेगळंच. सभासदांना वाटलं पट्टे नमुन्याचे आहेत. त्यांनी त्यावर मतदान घेतलं. सगळे पट्टे एकाच डब्यातले होते, तरी निकाल बरोबरीत सुटला.

मग नियम कडक केला: काम पूर्ण झालं तरच शंभर, नाहीतर शून्य. हा सगळ्यांत प्रामाणिक नियम, आणि म्हणूनच सगळ्यांत कमी टिकला. पडद्यावर फक्त शून्यं दिसायला लागल्यावर तातडीची सभा बोलवावी लागली.

चेअरमन तयारीनं आले होते. "सिडनीचं ऑपेरा हाउस घ्या. १९६३ ला व्हायचं होतं, १९७३ ला झालं. अंदाज सत्तर लाख डॉलरचा, खर्च दहा कोटी वीस लाख. तरी आज लोक तिकीट काढून बघतात!"

"पण ते गळतं का?" काकू.

"लांब कशाला, आपलं गोसीखुर्द धरण घ्या. ३७२ कोटींचा अंदाज होता, पुढे अठरा हजार कोटींच्या वर गेला."

"म्हणजे आमची वर्गणीपण त्याच हिशेबानं?" बी-विंगमधून प्रश्न आला. चेअरमननी विषय बदलला आणि आकड्यांऐवजी रंग दाखवायचं ठरलं: ठीक असेल तर हिरवा, जरा गडबड असेल तर पिवळा, बोंब असेल तर लाल. तेव्हापासून सगळं हिरवं आहे. चिरंजीव म्हणाले, आयटीत अशा प्रकल्पाला कलिंगड म्हणतात, साल हिरवी आणि आत लाल. प्राध्यापकांनाही यात काही चूक सापडली नाही.

माणसं वाढवून बघू, असंही एकदा झालं. त्यावर चिरंजीवांनी फ्रेडरिक ब्रुक्सचा दाखला दिला. आयबीएममध्ये मोठमोठे प्रकल्प हाताळलेल्या या गृहस्थानं १९७५ साली लिहून ठेवलंय, की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर माणसं वाढवली की त्याला आणखी उशीर होतो. दुसऱ्या दिवशी गच्चीवर आठांच्या जागी दोनच माणसं. मी काँट्रॅक्टरला गाठलं.

"साहेब, तुमच्याच पोरानं सांगितलं. जास्त माणसं, जास्त उशीर. सहा कमी केली. आता बघा कसं पळतं."

काम पळालं, पण ब्रुक्समुळे नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचं लग्न ठरलं. मे महिन्यातला मुहूर्त, पार्किंगमध्ये मांडव, व्याही नागपूरचे. सॉफ्टवेअरमध्ये ज्याला काहीच वेळ लागत नाही अशा क्षणाला माइलस्टोन म्हणतात आणि तिथे एक काळा चौकोन काढतात. मुहूर्त तसाच, पण चौकोन पुढे ढकलता येतो. शिवाय लग्न किती टक्के झालं, असं अजून कुणी कुणाला विचारल्याचं ऐकिवात नाही.

मुलीची आई एकदाच गच्चीवर गेली. हातात वही नव्हती, लॅपटॉप नव्हता. "सोमवारी परांची उतरलेली पाहिजे," एवढंच बोलून ती खाली आली. काँट्रॅक्टरनं तिला नव्वद सांगून पाहिलं नाही. ब्रुक्सला न जुमानता चौदा माणसं आली. प्लास्टर, पुट्टी, प्रायमर आणि रंग कुठल्या क्रमानं झाले हे मला सांगता येणार नाही, कारण चारही मी एकाच वेळी चालू असलेली पाहिली. पाणी मारण्याचे सात दिवस एका दुपारीत उरकले. सोमवारी परांची उतरली. इमारत इतकी सुंदर दिसायला लागली, की पोस्टमन पुढे निघून गेला. व्याही म्हणाले, "सोसायटी नवी आहे वाटतं." चेअरमन हो म्हणाले.

तेवढी गच्ची राहिली. पडद्यावर रंग १०० टक्के आणि ज्याच्यावर तो अवलंबून होता ते वॉटरप्रूफिंग ९० टक्के, असं चित्र उमटल्यावर सॉफ्टवेअरनं दोन्ही पट्ट्यांवर उद्गारचिन्हं लावली. हे होऊच शकत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. चिरंजीवांनी सूचना बंद केल्या.

गच्चीतलं पाणी वरच्या मजल्याच्या भिंतीतून उतरून नव्या रंगाचे पोपडे काढणार हे सगळ्यांना कळत होतं, म्हणून मेच्या अखेरीस पुन्हा सभा बोलावली. ती साडेसहाला तहकूब झाली आणि सात वाजता भरली. या वेळी सगळं पद्धतशीर करायचं ठरलं. चिरंजीवांनी जुना आराखडा जसाच्या तसा उतरवून घेतला, टक्के पुसले, तारखा एका वर्षानं पुढे सरकवल्या. पहिलं काम अर्थात तेच: पाऊस थांबण्याची वाट पाहणे, ९० दिवस, सुरुवात १० जून.

पाऊस ६ जूनलाच कोसळला. काकूंनी पातेलं मांडलं, मी एंटर दाबला. चेअरमननी ग्रुपवर लिहिलं, "कळवण्यास आनंद होतो की, सोसायटीचं काम नियोजित वेळेच्या चार दिवस पुढे आहे."